तक्रार पाहून राहिली

ऑफिसातले किस्से ऑफिसातच संपतात. सकाळी घडलेली गोष्ट डबा उघडेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते, संध्याकाळपर्यंत तिला तिखटमीठ लागतं आणि दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी निघतं. घरून काम करणाऱ्याचं तसं नाही. घडतं तेवढंच, पण मान वळवून सांगावं तर शेजारी कोणी नसतं. मग ते साचत जातं. माझ्याकडे चांगलं पाच-सहा वर्षांचं साचलंय आणि आज तुम्ही आयते सापडलात. चहा घ्या, उठायची घाई करू नका.

आधी मी कोण ते सांगते. नाव वैशाली. गाव गोरेगाव. मुंबईतलं नव्हे, आमचं, गोंदिया जिल्ह्यातलं! पंखे, कूलर आणि मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी फोन घेते. तुमच्या कूलरचा पंप बंद पडला, तुम्ही चिडून नंबर फिरवला आणि पलीकडून एक बाई "सॉरी सर" म्हणाली, तर ती मी असू शकते.

कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्याला. आमचं छोटंसं ऑफिस गोंदियाला होतं, बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, आठ जणांचं. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरी पाठवलं आणि नंतर परत बोलावलंच नाही. जागा सोडून दिली. "आता तुम्ही कुठूनही काम करू शकता," असं छान पत्र आलं. मी ते घरी कौतुकाने वाचून दाखवलं. कुठूनही म्हणजे एकटीने, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

*

कॉम्प्युटर कंपनीने टेम्पोने घरोघर पोचवले. "खुर्च्याही घेऊन जा" हा निरोप मात्र टेम्पो निघून गेल्यावर आला. रहांगडालेभाऊ, म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने, तिरोड्याचे, त्यांनी आपली खुर्ची मोटरसायकलला बांधून नेली. मी एसटीने जाणारी बाई. चाकांची खुर्ची घेऊन गोंदियाच्या स्टँडवर उभी राहिले. गाडी आली ती खचाखच भरलेली. कंडक्टरने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे काय होय?"

"ऑफिस होय," मी म्हटलं. "घरी नेऊन राहिली."

उत्तर त्याला आवडलं असावं, चढू दिलं. सीट रिकामी नव्हती, म्हणून मधल्या वाटेत मी माझ्याच खुर्चीवर बसले. ब्रेक लागला की खुर्ची मला घेऊन थेट ड्रायव्हरपर्यंत जायची आणि गाडीने वेग घेतला की मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या बायांच्या गुडघ्यांवर. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्यावर कंडक्टर ओरडला, "मॅडम, कोठी उतरायचं ते आताच सांगून ठेवा, नाई तं खुर्ची ठरवन!"

सगळी गाडी हसली. मीही हसले. ऑफिसच्या निमित्ताने इतक्या माणसांबरोबर हसायची ती माझी शेवटची वेळ.

*

घरी आम्ही दोघंच. नवरा रायपूरच्या कारखान्यात, शनिवारी येतो आणि सोमवारी जातो. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. उरलो मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजींना कमी ऐकू येतं, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला नेमकं नको ते ऐकू येतं. माझ्या खोलीचं दार ओसरीत उघडतं आणि मामाजी दिवसभर ओसरीत.

एकदा त्यांचे बिरसीचे जुने मित्र भेटायला आले. त्यांनी विचारलं, "सून काय करते?"

"घरीच राहते," मामाजी म्हणाले. "दिवसभर सॉरी म्हणते."

"कोणाले?"

"मले काय मालूम! सकाळी नऊ वाजता दार लोटते अन् सुरू होते. एवढा कोणता गुन्हा केला बावा, काही समजत नाई."

पाहुणे जाताना माझ्या दारात थांबले, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "होते बाई कधी कधी. देव माफ करते." मला वळून बोलताही आलं नाही. मी तेव्हा एका मिक्सरवाल्या बाईला सॉरी म्हणत होते!

गल्लीतही मी "घरीच राहते" म्हणून सगळ्यांची कुरिअरं माझ्या दारात येतात. साड्या, मोबाईलची कव्हरं, एकदा तर कोणाच्या तरी पाण्याच्या टाकीचं झाकण. मी कधी नाही म्हणत नाही. तेवढीच दिवसात दोन माणसं दिसतात.

*

ऑफिसात असताना साहेब खुर्ची बघायचे. आता ठिपका बघतात. नावापुढे हिरवा ठिपका दिसला म्हणजे माणूस कामावर. पाच मिनिटं माऊस हलला नाही की ठिपका पिवळा. हे ठिपके सांभाळतात केतकी मॅडम. आमच्या टीम लीडर, पुण्याच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि बोलायला फार गोड.

मामाजींना दुपारची गोळी द्यायची, कोणती ते तीनदा ओरडून सांगायचं, त्यांनी चष्मा शोधायचा, एवढ्यात माझा ठिपका पिवळा. परत येते तो स्क्रीनवरच्या खिडकीत प्रश्न: "वैशालीताई, सगळं ठीक ना?" ह्या प्रश्नाचा खरा अर्थ 'कुठे गेला होतात' असा आहे, हे समजायला मला महिना लागला. तो महिनाभर मी मॅडमना मामाजींच्या शुगरचे आकडे कळवत होते!

रहांगडालेभाऊंचा ठिपका मात्र कधीच पिवळा होत नसे. शेवटी मी फोन लावला. "काऊन जी भाऊ, तुम्ही जागेवरून उठतच नाई का?"

"उठतो न. माऊस पंख्याले बांधला."

आमच्याच कंपनीचा टेबल फॅन, मान इकडून तिकडे फिरवणारा. त्याच्या जाळीला दोरी, दोरीला माऊस. फोनची गर्दी नसली की भाऊ बांधीत, म्हणजे शेतात, धान पाहायला जायचे आणि माऊस ड्यूटीवर!

पुढे पुतणीच्या लग्नासाठी भाऊंनी तीन दिवस रजा घेतली आणि पंखा बंद करायचा विसरून गेले. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये केतकी मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या, "रहांगडालेंकडून शिका! रजेवर असूनसुद्धा तीन दिवस सतत उपलब्ध होते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढचा तक्ता उघडला, तो माझ्या पिवळ्या ठिपक्यांचा होता. मला राग आला. अजूनही येतो.

*

आता तो किस्सा, ज्याने माझं नुकसान केलं. नीट ऐका, सगळी गंमत एका अक्षराची आहे.

प्रत्येक तक्रारीपुढे एक कॉलम असतो. त्या तक्रारीचं काय चाललंय ते त्यात दोन-तीन शब्दांत लिहायचं. मी आपली आमच्या बोलीत लिहायची: "पाहून राहिली." "मेकॅनिकशी बोलून राहिली." "पार्ट पाठवून राहिली." आमच्याकडे करून राहिली म्हणजे करते आहे, आत्ता, ह्या क्षणी, हात त्यातच आहे. गोंदियाच्या ऑफिसात आठही जण असंच लिहायचे आणि आठही जणांना समजायचं. पुण्यात केतकी मॅडमनी वाचलं: तक्रार राहिली. म्हणजे पडून राहिली!

रहांगडालेभाऊही तेच लिहायचे. पण ते पडले पुरुष. ते लिहायचे "पाहून राहिलो". तक्रार काही 'राहिलो' होत नाही, त्यामुळे हा माणूस स्वतःबद्दल सांगतोय हे मॅडमना बरोबर समजायचं. माझं नशीब बघा. तक्रारही बाई आणि मीही बाई! माझी 'राहिली' दर वेळी तक्रारीला जाऊन चिकटायची.

अप्रेझलच्या दिवशी मला सांगण्यात आलं की टीममध्ये सर्वांत जास्त राहिलेल्या तक्रारी माझ्या आहेत.

"कोणती राहिली?" मी विचारलं.

"ही बघा ना ताई. मेकॅनिकशी बोलून राहिली."

"हो, मंग? बोलूनच राहिली होती मी."

"तेच म्हणतेय मी. राहिली."

"राहिली नाई मॅडम, करून राहिली!"

"म्हणजे करायची राहिली, बरोबर?"

"नाई जी! राहिली म्हणजे राहिली नाई!"

मॅडम अगदी मायेने म्हणाल्या, "ताई, तुम्ही चार दिवस सुट्टी घेता का?"

तेव्हा टीम लीडरची एक जागा निघाली होती आणि मी अर्ज केला होता. बारा वर्षं फोन घेतेय. माझ्या हातची तक्रार सर्वांत लवकर सुटते, हे मी नाही, कॉम्प्युटरच सांगतो. पण शेरा पडला, "कामं राहून जातात." अर्ज गेला.

मला ती जागा का हवी होती, तेही सांगून टाकते. पदाची हौस होती, नाही कशाला म्हणू? पण खरं कारण दुसरं. टीम लीडर पुण्याच्या ऑफिसात बसतात असं आम्ही ऐकून होतो. मोठा हॉल, रांगेने टेबलं, माणसंच माणसं. मला माणसांत बसायचं होतं. कोणीतरी खोकलेलं ऐकू यावं, कोणाची तरी बाटली सांडावी, "जरा पेन दे ग" म्हणून कोणीतरी हात पुढे करावा. चाळिशी उलटलेल्या बाईने हे मागणं म्हणून कोणापुढे मांडायचं? लाज वाटायची. अर्जात मी "नेतृत्वाची आवड" असं लिहिलं.

*

'राहिली'चा घोळ शेवटी रहांगडालेभाऊंनी मॅडमना फोन करून उलगडून सांगितला. मी तीन महिने सांगत होते, भाऊंचं पाच मिनिटांत पटलं. आता कंपनीने माझा शेरा पुसायला हवा होता, की नाही? त्यांनी माझ्यासाठी पंधरा दिवसांचं शुद्ध मराठीचं ट्रेनिंग ठेवलं!

पहिल्याच दिवशी टाळायच्या शब्दांची यादी आली. काऊन, कायले, मंग, राहिली आणि जी. 'जी' काढून टाकल्यावर मोठ्या माणसाशी बोलायचं कसं, हे यादीत नव्हतं. तरी शिकले. नोकरी आहे.

ट्रेनिंगनंतरचा पहिला फोन देवरीकडच्या एका म्हाताऱ्या बाबांचा. कूलर चालू होत नव्हता. मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "नमस्कार. कृपया प्रतीक्षा करावी. आपली तक्रार नोंदवून घेत आहे."

बाबा म्हणाले, "बाई, तिथी कोणी मराठी बोलणारं आहे का जी?"

मी स्क्रीनवरची ट्रेनरची खिडकी बंद असल्याचं पाहून घेतलं आणि म्हटलं, "आहे जी बाबा. सांगा, कूलर काय म्हणते?"

"अवो माय! मंग मघापासून ते कोण बोलून राहिली होती?"

बाबांच्या कूलरचा दोष पाचव्या मिनिटाला सापडला, प्लगच सैल होता. त्यानंतर बाबा आणखी वीस मिनिटं बोलले. म्हातारी गेली. पोरगा हैदराबादेत. एकट्यासाठी एवढा मोठा कूलर लावायला मन होत नाही, म्हणून उन्हाळाभर तसाच झाकून होता. मी हो जी, हो जी करत ऐकलं. खरं सांगू? माझंही फोन ठेवायचं मन होत नव्हतं. महिन्याच्या शेवटी त्या रेकॉर्डिंगवर शेरा आला: "कॉल विनाकारण लांबवला."

*

कंपनी वाढदिवस विसरत नाही, हे कबूल करायला हवं. माझ्या वाढदिवसाला दुपारी चारला सगळ्यांना स्क्रीनवर बोलावलं. पंधरा जणांनी मिळून गाणं म्हटलं, पण प्रत्येकाचं नेट वेगळ्या चालीने चालत असल्यामुळे "हॅपी" अकोल्याहून यायचं तेव्हा "टू यू" पुण्याहून संपलेलं असायचं. केतकी मॅडम म्हणाल्या, "ताई, कापा केक!"

केक कुठला? त्यांनी पाठवलेला केक गोंदियापर्यंत आला होता आणि तिथून "गोरेगाव आमच्या एरियात येत नाही" म्हणून परत गेला होता. पण पंधरा माणसं बघताहेत. मी आत गेले, परसातली पपई आणली, कुंकवाचं बोट लावलं आणि सुरी धरली.

"किती हेल्दी!" कोणीतरी म्हणालं.

मी पपई कापायला लागले. पपई होती अर्धकच्ची, सुरी मध्येच अडकली. ती ओढेपर्यंत चार वाजून पंधरा मिनिटं झाली आणि स्क्रीनवर अक्षरं आली, मीटिंग संपली आहे. सगळे चेहरे एकदम गेले. मी सुरी धरून उभी.

मामाजी दारात आले. "कोणाशी बोलून राहिली होती?"

"कोणाशीच नाई."

"मंग पपई कायले कापली?"

त्या दिवशी मला रडू आलं. मामाजींना वाटलं सुरी लागली. ते हळदीचा डबा घेऊन आले आणि माझं बोट उलटंसुलटं करून जखम शोधत बसले.

*

मग एक दिवस 'समान संधी' ह्या विषयावर सत्र झालं. सर्वांना सक्तीचं. बंगळुरूच्या एक मॅडम हिंदीतून शिकवत होत्या. त्यांनी चित्र दाखवलं. भिंतीआडून तीन माणसं मॅच बघताहेत. एक उंच, एक मध्यम, एक बुटका. प्रत्येकाला एकेक खोका दिला तर बुटक्याला तरीही दिसत नाही. म्हणून ज्याची जशी गरज, तसे त्याला खोके द्यायचे. ही खरी समानता.

आता आपल्या महाराष्ट्रात 'खोके' म्हटलं की माणूस हसतोच. इकडे सगळ्या खिडक्या गदागदा हलायला लागल्या आणि त्या मॅडमना काही समजेना. "क्या हुआ? कोई कुछ पूछना चाहता है?"

मी हात वर केला. "मॅडम, खोके पुण्याहून येणार, की ज्याचे त्याने आणायचे?"

मॅडमनी त्याचा अनुवाद करून घेतला आणि म्हणाल्या, "एक्सलंट क्वेश्चन!" उत्तर दिलं नाही. पण जाताना म्हणाल्या की ज्याला वाटतं आपल्याला डावललं, त्याने संकोच न करता पुढे यावं. मी त्याच तावात टीम लीडरसाठी दुसऱ्यांदा अर्ज केला. आठ दिवसांत उत्तर आलं. टीम लीडरने पुणे ऑफिसात टीमसोबत बसणं अपेक्षित आहे, आपण गोरेगावला असल्यामुळे आपला विचार करता आला नाही.

मी एचआरच्या सायलीला फोन लावला. "टीम तं गोरेगाव, तिरोडा, अकोला अन् चंद्रपूरले आहे. मंग टीमसोबत बसायचं म्हणजे कोठी बसायचं जी?"

"ताई, पॉलिसी आहे."

"बरं, पॉलिसी. पण मी पुण्याला येते का, हे मला कोणी विचारलं?"

"नाही, म्हणजे... घरची जबाबदारी असते ना तुमच्यावर. आम्ही धरूनच चाललो की तुम्हाला जमणार नाही."

"रहांगडालेभाऊंना विचारलं होतं?"

"हो, त्यांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

शनिवारी नवरा आला तेव्हा मी जेवताना हे सगळं सांगितलं. पुढे कधी जागा निघाली आणि बोलावलं तर जाऊ का, असं विचारलं. नवरा लगेच हो म्हणाला. मामाजी गप्प जेवत होते. त्यांना ऐकू गेलं नाही असं मी समजले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "मी नागऱ्याले जातो पोरीकडं, तुह्या नणदेकडं. महादेवाचं देऊळ आहे, चार म्हातारे आहेत, माह्यं भागते. तू जा. मले आयकू येत नाई, पण दिसते."

*

गेल्या हिवाळ्यात केतकी मॅडमना वरची जागा मिळाली आणि त्यांची रिकामी झाली. मी तिसऱ्यांदा अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यात विचारलं होतं, ऑनलाइन की प्रत्यक्ष? मी 'प्रत्यक्ष' वर खूण केली. गोरेगावची बाई येऊ शकते की नाही, ते एकदा डोळ्यांनी बघू द्या! "आपला प्रतिसाद मिळाला, धन्यवाद," असं मशीनचं उत्तर आलं. पुण्याची गाडी धरली; नागपूरला मुलगी डब्यात चढून पाया पडून गेली. पुढचा प्रवास मी एकटीने केला. माझ्यासोबत दहा जणांना पुरेल एवढा चिवडा आणि जवसाची चटणी होती. मोकळ्या हाताने कसं जायचं?

ऑफिस सापडलं. काचेची इमारत, खाली वॉचमनकाका. त्यांनी वही पुढे केली. "कोणाकडे?"

"तक्रार विभाग."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "वर जा मॅडम. पण वर कोणी नसतं."

"जेवायला गेले का?"

"छे हो. घरूनच करतात सगळे. बुधवारी कधी दोघं-तिघं येतात, तेही एसीसाठी."

मला वाटलं, चेष्टा करतात. वर गेले. मोठा हॉल होता. रांगेने टेबलं होती. सगळं मी ऐकलं होतं तसंच, फक्त खुर्च्यांवर प्लास्टिक चढवलेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान दोन महिन्यांमागचं. मी कितीतरी वेळ मधोमध उभी होते.

काकाही मागून आले होते. बिचारे भले माणूस. त्यांनी काचेच्या केबिनमधला दिवा लावला, टेबलावर फडकं मारलं, पाण्याची बाटली आणून ठेवली आणि भिंतीवरचा मोठा स्क्रीन चालू करून दिला. "मुलाखत ह्याच्यावरच होते," म्हणाले. "ऑल द बेस्ट, मॅडम." मग हॉलमधले दिवे बंद करून खाली गेले.

अकरा वाजता तीन चेहरे आले. केतकी मॅडम घरी, मागे दोरीवर कपडे वाळत होते. सायली तिच्या माहेरी, कोल्हापूरला. मोठे साहेब कुठे होते ते समजलं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"वैशालीताई, आवाज येतोय ना?" केतकी मॅडमनी विचारलं. मग स्क्रीनजवळ येऊन निरखून पाहिलं. "अरे वा! बॅकग्राउंड काय मस्त लावलंय! अगदी आपल्या ऑफिससारखं."

साहेबही हसले. "गुड. तयारीने आलेल्या दिसतात."

मी खुर्ची पुढे ओढून घेतली. मुलाखत सुरू झाली आणि सांगायला हरकत नाही, फार चांगली झाली. चिडलेल्या ग्राहकाला कसं सांभाळायचं, नवीन मुलींना कसं शिकवायचं, विदर्भातल्या तक्रारी कशा वाढू द्यायच्या नाहीत, सगळं मी धडाधड सांगितलं. शुद्ध मराठीत! 'जी' एकदाही नाही, 'राहिली' तर औषधालाही नाही. साहेब मान हलवत लिहून घेत होते.

शेवटी सायली म्हणाली, "ताई, एक फॉर्मल प्रश्न, तो विचारावाच लागतो. ही पोस्ट पुणे ऑफिसची आहे. घर सोडून, रोज प्रत्यक्ष इथे येऊन टीमसोबत बसायची तुमची खरंच तयारी आहे का?"

काचेपलीकडे अंधार होता. तिघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"मी तं येऊन बसली जी," मी म्हटलं. "तुम्ही कवा येता?"